न चाखलेला केक

मी कधी खोटं बोलत नाही, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. त्यातलं पहिलं खोटं बहुधा हेच.

लग्न झाल्यापासून शुक्रवार मी देवीचा धरते. सकाळी न्हाऊन पोथीचा एक अध्याय, दिवसभर पाणी नाहीतर कपभर दूध, आणि दिवेलागणीला देवापुढे समई लावून जेवण. अंडं तर मी कुठल्याच वारी खात नाही. एवढं सगळं पाळणाऱ्या बाईने नोकरी कुठे करावी? तर अमेरिकेत, लुइझियानातल्या बॅटन रूजला. तिथे लोक जानेवारी लागला की कार्निव्हलची हवा अंगात घेतात आणि दर शुक्रवारी ऑफिसात केक कापतात.

माझे यजमान, पुरुषोत्तम, तिथल्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनियर. मी गावातल्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत अर्धा दिवस कॅटलॉगची कार्डं टाइप करायचे. खोलीत आम्ही पाच जणी. त्यातली अर्लीन आमची मुख्य. साठीची, ठसठशीत आवाजाची, गळ्यात क्रॉस. सुलभा म्हणताना तिची जीभ अडखळायची, म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला 'सू' करून टाकलं. मी इतकं हळू बोलायचे की दीड वर्षात बाकीच्या बायकांना माझ्या आवाजापेक्षा माझ्या टाइपरायटरचा आवाज जास्त ओळखीचा झाला होता. दूधही मी भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

तर हा केक. त्याला तिकडे 'किंग केक' म्हणतात. गोल कड्यासारखा, वर पांढरं आयसिंग आणि त्यावर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर. पोटात कुठेतरी एक बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं बाळ लपवलेलं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, पुढच्या शुक्रवारचा केक त्याने आणायचा. शहाऐंशी सालच्या जानेवारीत अर्लीनने पहिला केक घरी करून आणला आणि माझ्यापुढे बशी धरली.

आता एखादी सरळ बाई म्हणाली असती, "आज माझा उपास आहे." मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "घरी जाऊन चहाबरोबर खाईन," आणि तुकडा नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला. घरी तो यांनी खाल्ला. अंड्याचं काही मी स्वयंपाकघरात येऊ देत नाही, म्हणून हे कारपोर्टमध्ये गाडीच्या बॉनेटवर बशी ठेवून उभ्याने खात होते.

"कसा आहे?" मी जाळीच्या दारातून विचारलं. सोमवारी अर्लीन विचारणार हे मला माहीत होतं.

"मऊ आहे. ओलावा बरोबर. जायफळ आहे, पण बेताने."

सोमवारी मी अर्लीनला म्हटलं, "फारच मऊ होता. आणि जायफळ अगदी बेताचं."

अर्लीनने छातीवर हात ठेवला. "सू! हे जायफळ माझ्या आईचं. इतक्या वर्षांत या खोलीत ते कुणाच्या जिभेला कळलं नाही. देवाने तुला जीभ दिली आहे, हनी."

देवाने मला जीभ दिली होती, यात शंका नव्हती. मी तिचं काय करत होते ते त्यालाच ठाऊक.

त्या दिवसापासून अर्लीनने डब्याच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी अडवून ठेवायला सुरुवात केली. कुणी बसायला गेलं तर "ती सूची खुर्ची" म्हणायची. ती मला तिच्या नातवंडांबद्दल सांगायची, मी उत्तराबद्दल, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगायचे. दीड वर्षात पहिल्यांदा मी भिंतीकडे पाठ करून बसले होते. आणि ती खुर्ची मला यांच्या जिभेवर मिळाली होती. पुढचे दोन शुक्रवार केक बेकरीतून आले. त्यांचेही मी असे काही बारकावे सांगितले, की अर्लीनच्या शेजारी बसणारी डॉट म्हणाली, "तू पेपरात लिहायला पाहिजेस."

चौथ्या शुक्रवारी केक पुन्हा अर्लीनचा होता. मी नेहमीसारखी दुपारी नॅपकिन घेऊन घरी आले. संध्याकाळी हे कारपोर्टमध्ये गेले आणि मिनिटभरात ओरडले, "अगं, यात हाड आहे!"

माझ्या हातातली समईची वात खाली पडली. हाड! चार आठवडे मी काय घरात आणत होते? मी देवीचं नाव घेत दारात गेले, तर हे गाल धरून उभे, आणि तळहातावर गुलाबी प्लॅस्टिकचं उघडंवाघडं बाळ.

"दाढेची कॅप हलली माझी," हे म्हणाले. "अभिनंदन. पुढचा केक तुमचा."

तेवढ्यात फोन वाजला. अर्लीनच.

"सू, बाळ तुझ्याकडे आलंय का? इथे कुणाच्याच तुकड्यात निघालं नाही. डॉटला वाटतंय तिनेच गिळलं. ती डॉक्टरकडे जायला निघाली आहे!"

"माझ्याकडे आहे," मी घाईने म्हटलं.

"देवाची कृपा! दाताखाली आलं ना? लागलं नाही ना तुला?"

"दाताखालीच आलं," मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. दात कुणाचे, ते तिने विचारलं नव्हतं.

अर्लीन हसत सुटली. म्हणाली, आता तू राणी! येत्या शुक्रवारचा, या मोसमातला शेवटचा केक तुझा. यीस्टच्या भानगडीत पडू नकोस. दुकानात फ्रिजमध्ये दालचिनीच्या रोलच्या तयार कणकेचे डबे मिळतात, ते तीन आण, एकाला एक चिकटवून कडं कर, भाजून वर आयसिंग ओत, रंगीत साखर भुरभुर, झालं. आणि बाळ आत ठेवून भाजू नकोस हं, वितळेल. नंतर खालून खुपस. "आणि नियम माहीत आहे ना? आणणाऱ्याने कापायचा आणि सगळ्यांसमोर पहिला घास स्वतः खायचा. तुला केक खाताना आम्ही कधी बघितलंच नाही! मी कॅमेरा आणते."

फोन ठेवल्यावर मी पाटावर बसून राहिले.

"एक घास खा," हे म्हणाले. "देवी काय पोलीस आहे?"

"अठरा वर्षांचा शुक्रवार आहे माझा."

"मग खरं सांगून टाक तिला."

"कुठल्या तोंडाने? तिच्या आईचं जायफळ, अहो! ती पुन्हा माझ्याशी बोलेल का?"

"म्हणजे एक तर शुक्रवार जाणार, नाहीतर खुर्ची," हे म्हणाले आणि दाढ चाचपत आत गेले. इंजिनियर माणूस, दोन ओळींत मांडून मोकळा.

राहिलं ते बाळ. अर्लीनने एकदा सांगितलं होतं की काहींच्या मते ते बाळ येशू. झालं! देव म्हटल्यावर त्याला सोफ्यावर कसं ठेवायचं? मी त्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली आणि देव्हाऱ्यात रांगत्या बाळकृष्णाशेजारी ठेवलं. सकाळी दोघांना मिळून दुधाची वाटी.

"आई, इट्स प्लॅस्टिक," उत्तरा म्हणाली.

"असू दे. थंडी प्लॅस्टिकलाही वाजते."

"आपल्या देव्हाऱ्यात व्हिसा लागत नाही वाटतं," हे म्हणाले. माझा देव मात्र यावर काही बोलला नाही. तो यांच्यापेक्षा समजूतदार आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी केक करायला घेतला. गुरुवारचाही माझा उपास असतो, दत्ताचा, पण स्वयंपाक करायला काही हरकत नसते. उत्तराने डब्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली: अंडं नाही, चरबी वनस्पतीची. मी समाधानाने डब्यावरचा कागद सोलायला लागले. अर्ध्यावर आले तोच दाबून भरलेला तो डबा फाटकन फुटला. मी "राम राम!" म्हणून तो फेकला आणि फ्रिजच्या खालून कणीक हळूहळू बाहेर डोकं काढायला लागली. उत्तरा जमिनीवर लोळून हसत होती. दुसरा डबा तिने उघडला. मी जिन्याच्या पायरीवर कानात बोटं घालून उभी होते. वाया गेला त्याच्याऐवजी हे जाऊन आणखी एक डबा घेऊन आले.

कडं चांगलं जमलं. भाजताना घरभर दालचिनीचा वास सुटला, आणि उपाशी पोटी त्या वासात उभं राहणं हीच एक तपश्चर्या होती, असं मी मनात नोंदवून ठेवलं. स्वतःच्या पुण्याची नोंद ठेवायला मी कधी चुकत नाही.

रंगीत साखरेत हिरवी छान झाली. सोनेरीला जिलबीचा रंग वापरला. जांभळ्यासाठी तांबडा आणि निळा मिसळला तर करपलेल्या वांग्याचा रंग आला, पण लांबून चाललं असतं. डब्याच्या तळाशी आयसिंगची आयती वाटी होती, पण तिच्यावरचं एक नाव उत्तराला वाचता येईना, आणि ज्याचं नाव वाचता येत नाही ते मी देवाला दाखवत नाही. म्हणून आयसिंग मी घरीच केलं. फडताळातली पिठीसाखरेची बरणी काढली, दूध घालून घोटलं. कसं सरसरीत, पांढरंशुभ्र झालं! कड्यावर ओतलं तर शिवरात्रीच्या पिंडीवरून दुधाची धार ओघळावी तसं ओघळलं आणि सुकून बसलं.

"चाखून बघ ना," हे म्हणाले.

"नैवेद्य दाखवायच्या आधी?"

नैवेद्य दाखवला. रात्री गुरुवार सोडला तेव्हा यांनी पुन्हा विचारलं, आता?

"लोकांकडे न्यायचा केक उष्टा करून नेऊ?"

माझ्या आईने मला शिकवलं आहे: वासावरून मीठ कळायला हवं, जीभ लावायची ती आळशी बाईने. मी आळशी नव्हते. मी शहाणी होते.

राहता राहिलं बाळ. सहा दिवस ज्याला दूध पाजलं त्याला खालून खुपसायचं माझ्याने होईना. शेवटी अक्षता वाहून त्याला देव्हाऱ्यातून उठवलं आणि कड्याच्या मधोमध, मोकळ्या जागेत, तुळशीच्या पानावर बसवलं. दिसायला छान दिसलं. उमेदवारीचा अर्ज भरून बसलेल्या पुढाऱ्यासारखं.

शुक्रवारी सकाळी पोथी वाचताना एकही ओळ डोक्यात शिरली नाही. गाडीत, केक मांडीवर घेऊन, मी देवीशी घासाघीस करत होते: कण एवढासा, प्रसाद म्हणून. देवी काही बोलली नाही. मला त्यातून होकारही ऐकू येत होता आणि नकारही, आणि दोन्ही माझ्याच आवाजात.

खोलीत सगळ्या जमल्या. "अगं, बाळ लपवायचं असतं!" म्हणून हशा झाला. अर्लीनने कॅमेरा डोळ्याला लावला. मी सुरी घेतली आणि इतकी सावकाश कापायला लागले की डॉटला धीर धरवेना. तिने पहिला तुकडा उचलला आणि मोठा घास घेतला. मला वाटलं, सुटले. नियम मोडला तर तिने मोडला.

डॉट चावत होती ती थांबली. मग पुन्हा चावली. मग कॉफीचा कप शोधायला लागली.

"सू, हनी," ती म्हणाली, "याच्यावर काय लावलंयस?"

"आयसिंग."

"कशाचं?"

एवढ्यात अर्लीनने डॉटला डोळ्यांनी दटावलं आणि स्वतःचा तुकडा खायला सुरुवात केली. ती हळूहळू, नीट चावून, सगळा खात होती. तिच्या ओठांवर पांढरी पूड चढत होती. तो रंग बघितला आणि माझ्या डोक्यात फडताळाचं दार उघडलं. पीनट बटरच्या रिकाम्या बरण्या. एकीत पिठीसाखर, शेजारच्या, अगदी तशाच एकीत गावाहून आणलेलं आरारूट. ज्या घरात वर्षाचे निम्मे दिवस उपास, तिथे आरारूट, शिंगाडा आणि वरीच्याच बरण्या असायच्या. मी या बायकांना दुधात कालवलेली कच्ची खळ खायला घातली होती. कपड्यांना लावतात ती.

"फार छान झालाय," अर्लीन म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. घास उतरत नव्हता. आणि मग तिने दुसरा तुकडा उचलला.

तो तिने उचलला नसता तर मी कदाचित आजही गप्प असते. पण माझी लाज राखायला एक बाई आरारूट गिळत होती, आणि तिच्या आईच्या जायफळाचा एक कणही मी कधी गिळला नव्हता.

"नको खाऊ, अर्लीन," मी म्हटलं. "ते आयसिंग नाही. पीठ आहे. चुकलं माझं."

"पण हे तुला चाखताना कळलं नाही?" डॉट म्हणाली.

"मी चाखत नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं."

"आणि दाखवल्यावर?"

"दाखवल्यावर मी चाखला तर तुमच्यासाठी उष्टा होतो. आणि आज शुक्रवार. शुक्रवारी मी दिवसभर काही खात नाही."

अर्लीनने बशी खाली ठेवली. "कुठल्या शुक्रवारी?"

"सगळ्या."

मी हे इतकं हळू बोलले की पलीकडच्या दोघींना ते अर्लीनने पुन्हा सांगावं लागलं. माझा कबुलीजबाबसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून.

"मग माझे केक?"

"ते... माझ्या मिस्टरांनी."

"आणि जायफळ?"

"तेही त्यांनीच सांगितलं."

अर्लीन उठली, फोनपाशी गेली. "नंबर दे त्याचा," म्हणाली. मी दिला. प्लांटमध्ये यांना मीटिंगमधून उठवून आणलं. अर्लीनने स्वतःचं नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "माझे दोन केक तुम्ही खाल्लेत. कसे होते?"

यांना कुणी असं विचारलं की हे उत्तर देतात. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. अर्लीन "अं हं," "अं हं," करत होती. मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"पहिला उत्तम, म्हणाला. दुसऱ्याचा तळ करपला होता. आणि करपलाच होता. ओव्हन बिघडलंय माझं. हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"तेवढं मी गाळलं," मी म्हटलं.

"महिनाभर मी लोकांना सांगत फिरतेय की सूला केकची जाण आहे! मोठा तुकडा मुद्दाम तुझ्यासाठी ठेवत होते, तो एका माणसाने गाडीच्या टपावर ठेवून खाल्ला!"

"बॉनेटवर," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. आता मला एकदम सगळंच खरं सांगायचं होतं.

डॉटच्या नाकातून कॉफी आली. अर्लीन मात्र हसली नाही. तिने माझ्या टाइपरायटरमध्ये एक कोरं कॅटलॉग कार्ड चढवलं आणि खुर्ची ओढून बसली. "बोल. सोमवारपासून सांग. कधी काय खातेस आणि काय नाही. आणि मोठ्याने."

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. शंकराचा सोमवार, गणपतीचा मंगळवार, दत्त, देवी, मारुती. कार्ड भरलं तेव्हा दुसरं चढवलं. मध्येच एकदा ती म्हणाली, "यात एकादशी कुठे बसवू? हिला वारच नाही!" बाकीच्या दोघी आयसिंग खरवडून खालचा पाव खायला लागल्या होत्या आणि तो चांगला झालाय म्हणत होत्या. मला ते खोटं वाटलं नाही, कारण त्या तिसऱ्यांदा घेत होत्या.

"बुधवारी?" अर्लीनने विचारलं.

"बुधवारी सगळं चालतं. अंडं सोडून."

"मिळाला एकदाचा!" तिने कार्डावर थाप मारली. "येत्या बुधवारी संध्याकाळी माझ्या घरी यायचं. माझ्यासमोर बसून खायचं. मला तुझं तोंड हलताना बघायचंय."

"अर्लीन," डॉट म्हणाली, "कार्निव्हल मंगळवारी संपतो. येता बुधवार राखेचा."

अर्लीनचा हात टाइपरायटरवरच राहिला. त्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतात आणि ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस सुरू होतात. त्या दिवशी तिचा उपास. मांस नाही, गोड नाही, एकच पोटभर जेवण. तिने ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "एकभुक्त!" आणि मग ते तिला समजावून सांगितलं. दीड वर्ष एका खोलीत बसून मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं, आणि उपास फक्त आपणच करतो अशी माझी पक्की समजूत होती.

तिने कार्ड बाहेर काढलं, चष्मा नाकावर ओढला आणि बराच वेळ वाचत राहिली.

"बटाटे उकडीन," शेवटी ती म्हणाली. "बटाटे खातेस ना? का त्यांचाही कुणी देव आहे?"

"बटाटे मी उपासालासुद्धा खाते."

"मग सहा वाजता ये. आणि नवऱ्याला घेऊन ये." तिने कार्ड पर्समध्ये टाकलं. "तो खरं बोलतो."